साताऱ्यात घराचा रंग आणि सागवानी दारांचं पॉलिश : गावातल्या टीमचा अनुभव

ज्यांना साताऱ्यात किंवा आसपास जुन्या घराला रंग द्यायचाय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा कुणीच नीट सांगत नव्हतं, सगळे नुसतं "चांगलं करतात" एवढंच म्हणायचे. आमचं घर वडिलांच्या वेळचं, दारं खिडक्या सगळ्या सागवानी, आणि पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल. त्यामुळे नुसता रंग मारून भागण्यासारखं नव्हतं.

आधी एका मोठ्या ब्रँडच्या पेंटिंग सर्व्हिसला बोलावलं. माणूस वेळेवर आला, बोलायला छान, लेझरनं भिंती मोजल्या, शेडकार्ड दाखवलं, संध्याकाळी कोटेशन मोबाइलवर हजर. पण ओलीच्या भिंतीला त्यानं हातसुद्धा लावला नाही, वॉटरप्रूफिंगचा कोट म्हणून एक आकडा टाकला आणि झालं. आणि लाकडाचं विचारलं तर म्हणाला मॅडम यावर ऑइल पेंट मस्त बसेल. सागवानावर ऑइल पेंट! तिथंच माझं मन उठलं.

मग रंगाच्या दुकानदारानं गावातले एक पेंटरमामा सुचवले. मामा आले ते आधी भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत फिरले, जिथं पोकळ आवाज आला तिथं खडूनं गोल काढले. मग ओलीच्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावला आणि म्हणाले, "ताई, उद्या बघू, मग बोलू." दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. म्हणजे ओल भिंतीतूनच येतीय. गच्चीवर जाऊन बघितलं तर पावसाळी पाइपचा जोड सुटलेला आणि पाणी थेट भिंतीत मुरत होतं. मामा म्हणाले, "आधी प्लंबर आणा, भिंत वाळू द्या, मग मी येतो. आत्ता रंग दिला तर दिवाळीपर्यंत पोपडे येतील आन शिव्या मला खाव्या लागतील." हातात आलेलं काम स्वतःहून पुढं ढकलणारा माणूस, मला तर तिथंच पटलं.

पुढं भिंत खरंच वाळेपर्यंत थांबलो. खार फुटलेला भाग त्यांनी कोरड्या ब्रशनं झाडून काढला, पोकळ प्लॅस्टर फोडून नवीन केलं, आणि नवीन प्लॅस्टरवर लगेच काही मारायचं नाही, महिनाभर तरी पाणी मारून आणि वाळवून पक्कं होऊ द्यायचं यावर ठाम होते. बाकीच्या खोल्यांना मात्र लांबी (म्हणजे पुट्टी) सगळीकडं सरसकट फासली नाही, जिथं खड्डा तिथंच. रात्री दिवा भिंतीला चिकटून आडवा धरायचे, उजेडात प्रत्येक उंचवटा दिसतो, परत घासायचे. त्यानंतर प्रायमर आणि रंगाचे दोन हात, म्हणजे दोन थर. खरं सांगते, रंगाचे दोन हात पटकन उरकतात, सगळी मेहनत घासाईत आणि लांबीत आहे, आणि जो पेंटर त्याचेच दिवस कमी सांगतो त्याला काम देऊच नका.

घासाईवरून एक महत्त्वाचं. जुन्या घरात खिडक्यांच्या ग्रिलवर वगैरे जुना ऑइल पेंट असतो, त्यात शिसं असायची बरीच शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाची काय खात्री? घरात लहान मूल असेल तर कोरडं घासू देऊ नका. आम्ही ओलं करून घासायला लावलं, मुलाला तेवढे दिवस आजीकडं पाठवलं. मामांनी कुरकुर केली नाही पण हे त्यांनी स्वतःहून सांगायला हवं होतं, ते मलाच सांगावं लागलं.

आता पॉलिश. मामांच्या टीममध्ये पॉलिशवाले दादा वेगळे आहेत आणि माझ्या मते खरा हिरा तेच. दाराच्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस जरा वेळ घासला, कापसाला तपकिरी चिकट रंग आला. लगेच म्हणाले जुनं चपड्याचं पॉलिश आहे, म्हणजे लाखेचं, हे स्पिरिटनंच सुटतं, कॉस्टिक सोडा लावायची गरज नाही. कॉस्टिकनं सागवान काळं पडतं म्हणे, आणि शेजारच्यांच्या दारावर तसे डाग मी रोज बघते. ८० नंबरच्या पॉलिशपेपरनं सुरू करून २२० पर्यंत आले, सगळं रेषेरेषेनं, आडवं कधीच नाही. मग ओल्या फडक्यानं पुसलं तेव्हा जे रेषांचं नक्षीकाम वर आलं ना, आई बघतच राहिली, एवढ्या वर्षांत तिलासुद्धा ते दार असं आहे हे माहीत नव्हतं.

स्टेन, म्हणजे लाकडाला द्यायची रंगछटा, कुठला हे शेडकार्डावर ठरवू दिलं नाही. दाराच्या वरच्या कडेवर, जी कुणाला दिसत नाही, तिथं टीक आणि वॉलनट दोन्ही लावून दाखवले, त्यावर सीलर मारून, कारण वरचा थर बसल्यावर रंग गडद होतो. आम्ही टीक घेतला. बाहेरच्या दाराला बाहेरचं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश), मॅट. मेलामाइन पॉलिश स्वस्त पडलं असतं पण ते उन्हापावसात टिकत नाही असं त्यांनीच सांगितलं. आजीच्या जुन्या कपाटाला मात्र परत चपडाच, मलमलच्या पुरचुंडीत कापूस घालून हातानं, थरावर थर. ते काम बघत बसावं असं आहे. त्यावर गरम कप ठेवायचा नाही, पांढरा डाग पडतो, एवढं लक्षात ठेवा.

खटकलेल्या गोष्टी पण सांगते. मामा फोन उचलत नाहीत, दोनदोनदा करावा लागतो. बाथरूमच्या कडीवर रंगाचे शिंतोडे राहिले, ते मी ब्लेडनं काढले. आणि पीयूचा वास, तो हार्डनर मिसळतात त्याचा, चांगलाच उग्र असतो, त्या दिवशी घरात कुणी दम्याचं असेल तर थांबूच नका, खिडक्या उघड्या ठेवून बाहेर जा.

पैशाचं म्हणाल तर मजुरी वेगळी आणि मटेरियल आपण दुकानातून बिलावर आणायचं असं ठरलं, म्हणजे डब्यात काय आहे ते आपल्याला दिसतं. सीलबंद डबा समोर फोडायचा, हे मामांनीच सांगितलं. भिंतीचं माप दारं खिडक्या वजा करून घेतलं, कागदावर लिहून दोघांनी सही केली. पैसे टप्प्याटप्प्यानं, शेवटचा हप्ता सगळं बघून. एकूण त्या ब्रँडच्या कोटेशनपेक्षा कमीच पडलं, आणि त्यात लाकूड पण झालं.

बोलावणार असाल तर गणपतीनंतर फोन करू नका, दसरा दिवाळीला ते पूर्ण अडकलेले असतात. पॉलिश तर पावसाळ्यात करूच नका, दमट हवेत वरचा थर पांढुरका पडतो, दादा स्वतःच नाही म्हणतात. जानेवारी ते मे मध्ये कधीही विचारा, आणि फोन लागला नाही तर सकाळी आठच्या आत करा, तेव्हा उचलतात.