बिलावर नवा टेन्शनर, इंजिनात जुनाच

बिलावर चार वस्तू होत्या: टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप. मजुरी आणि जीएसटी धरून 24,350 रुपये. इंजिन उघडलं तेव्हा त्यातला एकटा बेल्ट नवा निघाला. बाकी तिन्ही वस्तू गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाच्याच होत्या. गॅरेजचं नाव मी इथे लिहीत नाही, प्रकरण अजून ग्राहक आयोगात आहे. पण जे झालं ते पुण्यात, सातारला, कोल्हापुरात, कुठेही कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टायमिंग बेल्ट हा इंजिनातला दातेरी रबरी पट्टा. वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन एकमेकांच्या तालात ठेवणं हे त्याचं काम. टेन्शनर त्याला ताणून धरतो, आयडलर ही त्याला वाटेवर ठेवणारी फिरती चकती. टेन्शनरचं बेअरिंग गेलं की पट्टा सैल पडतो, दात सोडतो, आणि आमच्यासारख्या डिझेल इंजिनात पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणूनच बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलर सोबत बदलायचे असतात, आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही. या सगळ्या वस्तू आत, कव्हरखाली. बाहेरून काही दिसत नाही, आणि फसवणारा नेमका त्याचाच फायदा घेतो.

काम दिवाळीआधी करून घेतलं. संक्रांतीनंतर आम्ही सातारला निघालो, मागच्या सीटवर आई होती. खंबाटकी घाट चढताना इंजिनातून खडखड आवाज आला आणि गाडी बंद पडली. स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा कडक. मागे ट्रकची रांग. गाडी कडेला लागली ती केवळ त्या वळणावर थोडी मोकळी जागा होती म्हणून. पैशांचं नुकसान मी विसरेन, पण आईला त्या रस्त्यावर उतरवून भिंतीकडेला उभं करावं लागलं, हे त्या गॅरेजवाल्याला मी कधीच माफ करणार नाही.

फोन केला तर तो अगदी गोड बोलला. ‘मॅडम, काळजी करू नका. क्रेनने गाडी इकडेच पाठवा, क्रेनचे पैसे आम्ही देतो. आम्ही खोलून बघतो.’ ऐकायला किती बरं वाटतं! घाट उतरल्यावर ज्यांच्याकडे गाडी ओढून नेली त्या मेस्त्रींनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘ताई, गाडी त्यांच्याकडं परत गेली तर आत काय होतं ते तुम्हाला आयुष्यात कळणार नाही. उघडायची तर साक्षीदारासमोर उघडा.’ त्या एका वाक्याने माझी केस उभी राहिली.

कारण पुरावा म्हणजे ते इंजिनच. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदाराची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये एसजीएस इंडियाच्या निकालात स्पष्ट केलं आहे. ‘काम केलं आणि गाडी बंद पडली’ एवढ्यावर आयोग निकाल देत नाही. का बंद पडली, हे कुणा जाणकाराने लेखी सांगावं लागतं. गॅरेजवाल्याने एकदा इंजिन खोलून साफ केलं, की सांगायला काही उरत नाही.

म्हणून आम्ही गाडी जशीच्या तशी झाकून ठेवली. मोटार विम्याचं काम करणाऱ्या एका परवानाधारक सर्व्हेअरला फी देऊन बोलावलं. गॅरेजला व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टाने कळवलं, की अमुक दिवशी अमुक ठिकाणी इंजिन उघडणार आहोत, तुमचा माणूस पाठवा. हे पत्र फार महत्त्वाचं. उद्या ‘आमच्या पश्चात उघडलं, पार्ट बदलले’ असं म्हणायला त्यांना जागा उरत नाही. कुणी आलं नाही. उत्तर आलं ते असं: ‘साहेबांना फोन करायला सांगा, तुम्हाला टेक्निकल कळणार नाही.’ गाडी माझ्या नावावर, बिल माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून गेलेले. तो मेसेजही मी तक्रारीला जोडला आहे.

उघडताना व्हिडिओ न थांबवता घेतला. आधी नंबरप्लेट, मग चॅसिस नंबर, मग किलोमीटरचा आकडा, मग कव्हर काढणं. टेन्शनर हातात घेऊन फिरवला तर तो अडकत होता, बेअरिंग कोरडं ठाक. आणि त्याच्यावर महिना-वर्षाचा शिक्का होता! वॉटर पंपावरही घड्याळासारखा छोटा गोल, त्यात बाण आणि साल. दोन्ही सालं गाडीच्या नोंदणीच्या आधीची. सर्व्हेअरने ते फोटोसह अहवालात घेतलं, वस्तू पिशवीत घालून सही-शिक्का केला. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्यावर व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. पुढचं इंजिनकाम, हेडचं मशीनिंग धरून, 86 हजारांवर गेलं.

विमा कंपनीने नकार दिला. यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार पॉलिसीत बसत नाही, त्यामुळे तिकडे फार वेळ घालवू नका. पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिला (भारतीय न्याय संहितेचं कलम 318), पोच मिळाली, पण ‘हा दिवाणी मामला आहे’ असंच ऐकावं लागलं. न लावलेल्या वस्तूचे पैसे घेणं दिवाणी कसं, हे मला अजून पटलेलं नाही.

खरा रस्ता ग्राहक आयोगाचा. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, गॅरेजने दाद दिली नाही. मग नोटीस, मग जिल्हा आयोगात तक्रार. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे गॅरेज परगावी असलं तरी तिकडे खेटे घालायला नकोत. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. मुदत मात्र दोनच वर्षांची आहे, आणि ‘बघू, करून देतो’ म्हणत गॅरेजवाले ती सहज खाऊन टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंट आणि व्हिडिओसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडायला वकिलांनी सांगितलं, ते जोडलं.

बिलाबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. काम झाल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला होता, ‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल.’ मी बिल घेतलं, तेही पार्टवार. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘टायमिंग काम, एकूण इतके’ अशा एका ओळीच्या चिठ्ठीवर मला काय सिद्ध करता आलं असतं? कुठला पार्ट, कुणाचा, किती नग, हे लिहून घ्या. आणि गाडी देतानाच जॉब कार्डवर ‘काढलेले जुने पार्ट परत द्यावेत’ असं लिहायला लावा. जो खरंच पार्ट बदलतो त्याला जुने द्यायला काहीच अडचण नसते.

गॅरेजने 45 दिवसांच्या आत लेखी म्हणणं दिलंच नाही. त्यानंतर ते घेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा 2020 चा निकाल आहे. मग त्यांच्या वकिलाकडून निरोप आला: 40 हजार घ्या आणि तक्रारीतून पार्टचा उल्लेख काढा. मी नाही म्हटलं. तो उल्लेख काढला तर उरतं काय?

ज्यांची गाडी आत्ता गॅरेजमध्येच अडकली आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क गॅरेजला भारतीय करार कायद्याच्या कलम 170 ने आहे, त्यामुळे तिथे भांडून किल्ली मिळणार नाही. पैसे ऑनलाइन भरा, लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘काम मान्य नाही, हक्क राखून रक्कम देत आहे’ असं लिहून पाठवा, आणि गाडी चालवत नव्हे, ओढून दुसऱ्या जाणकाराकडे न्या.