ताईचं छप्पर आणि आमची गच्ची

डेहराडूनच्या ताईने घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं आणि आमच्या मुलुंडच्या सोसायटीत विषय निघाला. योजना एकच, घराच्या छपरावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची पीएम सूर्यघर, २०२४ची. अनुदान मात्र वेगळं.

उत्तराखंड विशेष श्रेणीतलं राज्य, त्यामुळे केंद्राकडून पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३३,००० आणि तिसऱ्याला १९,८००. एकूण ८५,८०० रुपये. महाराष्ट्रात स्वतःचं छप्पर असणाऱ्याला त्याच ३ किलोवॅटला ७८,०००. पण मुंबईत स्वतःचं छप्पर कितीजणांचं? सोसायटीच्या सामाईक वापराला, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांना किलोवॅटमागे १८,०००. आमच्या २० किलोवॅटचे ३ लाख ६० हजार होतात. आकडा मोठा दिसतो, पण कुणाच्याही घरातल्या बिलाचा एक युनिटही कमी होत नाही. मेंटेनन्स हलका झाला तरच फायदा.

दोन्हीकडे आधी आपले पैसे घालायचे. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि ग्रिडला परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, लागून तपासणी झाली की अनुदान खात्यात येतं. पॅनेलही भारतीय सेलचंच हवं, स्वस्त परदेशी माल घेतला की अनुदान गेलं.

ताईने महिन्यात निर्णय घेतला, कारण विचारायचं फक्त भाऊजींना होतं. आम्हाला सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. तरीही सोसायटीने सोलर बसवावं, याच बाजूने मी आहे. फक्त आधी गच्चीवर जाऊन बघा: आमच्याकडे दुपारी ३ नंतर शेजारच्या टॉवरची सावली टाक्यांपर्यंत येते. पॅनेल पूर्वेकडच्या कठड्यालगतच बसवावी लागतील.