मिनॅक: दिवसा बघावं की नाटकालाच बसावं?

सदाशिव पेठेतल्या आमच्या काकू उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडला निघाल्यात. कॉर्नवॉलमधलं मिनॅक थिएटर, म्हणजे समुद्रकड्यात बांधलेलं उघडं नाट्यगृह, बघायचंच आहे, पण दिवसा की नाटकाच्या वेळी, यावर मायलेकींचं जमत नाहीये.

खर्चात दिवसाची फेरी स्वस्त. खाली निळाशार समुद्र, आणि रोवेना केडबाईंनी माळ्याला हाताशी धरून कड्यात उभारलेलं काम निवांत न्याहाळता येतं. सिमेंटच्या बाकांवर नाटकांची नावं नि सालं कोरलीयत, वाचत बसा.

नाटकाला पैसे जास्त, दगदगही जास्त. बसायला कडक, उशी न्याच. वर छप्पर नाही, पाऊस आला तरी प्रयोग सहसा थांबत नाही. छत्री चालत नाही, रेनकोट लागतो. (बालगंधर्वच्या खुर्च्या विसरा!) पण १९३२ साली इथे मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात शेक्सपिअरचं 'द टेम्पेस्ट' झालं होतं. ती गंमत अंधार पडताना, नटांच्या मागे लाटा ऐकतच कळते.

पायऱ्या दोन्ही वेळी उभ्याच.

काकू, नुसती जागा बघायची, फोटो काढायचे, तर दुपार बरी. नाटकवेड्या माणसानं संध्याकाळच धरावी, आणि रात्रीचा मुक्काम जवळच्या पेन्झान्स गावी ठेवावा.