नर्सने कायद्याच्या कामाकडे वळायचं तर: केपीओ, हॉस्पिटलचं मेडिकोलीगल डेस्क की एलएलबी?

आयसीयूत किंवा सर्जिकल वॉर्डात पाच-सहा वर्षं काढलेल्या सिस्टर ‘लीगल नर्स कन्सल्टंट’ (कोर्टाच्या दाव्यांतली वैद्यकीय कागदपत्रं तपासणारी नर्स) हे नाव ऐकतात आणि पहिली चौकशी करतात ती अमेरिकन सर्टिफिकेटची. सुरुवात तिथूनच करू, कारण पैसे वाया जातात ते इथेच. अमेरिकेत या कामाची मानाची परीक्षा म्हणजे एलएनसीसी. तिला बसायला अमेरिकेचं चालू आरएन (नोंदणीकृत नर्स) लायसन्स, नर्स म्हणून ५ वर्षांचा अनुभव आणि मागच्या ५ वर्षांत याच कामाचे २,००० तास लागतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर ती देता येत नाही. ऑनलाइन विकले जाणारे बाकीचे कोर्स शिकण्यापुरते ठीक, पण त्यांच्यासाठी कर्ज काढू नका.

पुण्यात खऱ्या वाटा तीन, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा.

केपीओ: अमेरिकन वकिलांसाठी रेकॉर्ड वाचणं

केपीओ म्हणजे परदेशी ग्राहकांचं जाणकारीचं काम इथून करून देणाऱ्या कंपन्या. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागात हे काम मिळतं. अपघात, चुकीचे उपचार, औषधांचे दुष्परिणाम अशा दाव्यांतली वैद्यकीय कागदपत्रं वाचायची आणि त्यांची क्रॉनॉलॉजी, म्हणजे तारीखवार घटनाक्रम, बनवायची. हजार-दीड हजार पानांची पीडीएफ समोर येते. आधी दुबार पानं काढायची, मग प्रत्येक घटनेसाठी तारीख, वेळ, नोंद कोणाची, काय झालं आणि पान क्रमांक. पान क्रमांक चुकला की ती ओळ वकिलाच्या कामाची राहत नाही.

नर्सचं वाचन इथे कसं वेगळं पडतं ते पाहा. ऑपरेशननंतरचा पेशंट. रात्री ११ ला बीपी १२८/७६, पल्स ८८. पुढची नोंद थेट पहाटे ३ ची: ८४/५०, पल्स १२६. मधले चार तास चार्ट कोरा, पण इनटेक-आउटपुट शीटवर १ वाजता ड्रेनमध्ये ४०० मिली लिहिलेलं आहे. नर्सिंग नोट म्हणते, ‘डॉक्टरांना कळवलं’. कोणत्या डॉक्टरांना, किती वाजता, काहीच नाही. वॉर्ड न पाहिलेला माणूस या तीन पानांच्या तीन सुट्या ओळी करील. सिस्टर त्या शेजारी ठेवतील, कारण ४०० मिली हा आकडा पाहूनच त्यांना रक्तस्रावाची शंका येईल. लिहिताना मात्र शब्द जपून: ‘११ ते ३ या वेळेत बीपीची नोंद आढळत नाही’. ‘बीपी पाहिलं नाही’ असं लिहायचं नाही. नोंद नसणं आणि काम न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एक केल्या की समोरचा वकील अख्खा अहवाल पक्षपाती ठरवतो.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असलात तरी ही वाट उघडी असते, मात्र लिहिण्यातलं इंग्रजी नेटकं हवं. मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: शिफ्ट अमेरिकन वेळेची आहे का, रोजचं टार्गेट पानांवर आहे की फाइलींवर, आणि पुढे क्यूसीला (इतरांचं काम तपासायला) जाता येतं का. साधी क्रॉनॉलॉजी आता सॉफ्टवेअरही काढून देतं. त्यामुळे वर सांगितलेली जोडणी ज्यांना जमते त्यांचंच या कामात पुढे होईल; नुसती टाइपिंगची नोकरी दिसली तर घेऊ नका.

हॉस्पिटलचं मेडिकोलीगल डेस्क

मोठ्या हॉस्पिटलांत हे काम क्वालिटी, एमआरडी (रेकॉर्ड विभाग) आणि लीगल या तिघांत वाटलेलं असतं. संमतीपत्रं तपासणं, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसेस) नोंदी, इन्सिडेंट रिपोर्ट, नोटिसांची उत्तरं. वेळेचा काच इथे सगळ्यात जास्त. पेशंटने किंवा अधिकृत नातेवाइकाने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यायचं. ग्राहक आयोगाची नोटीस मिळाली की उत्तर ३० दिवसांत. आयोग फार तर आणखी १५ दिवस देतो, त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं. नोटीस आवक विभागात पडून राहिली आणि फाइल एमआरडीत सापडली नाही, की हॉस्पिटल आपली बाजू मांडण्याआधीच अडचणीत येतं.

या डेस्कवर नर्स असणं फार गरजेचं आहे, आणि त्याचं कारण सहसा कोणी बोलून दाखवत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास शिक्षा ५ वर्षांपर्यंत आहे. नोंदणीकृत डॉक्टरला मात्र उपचारादरम्यानच्या अशा कृत्यासाठी २ वर्षांपर्यंत. ही सवलत नर्सला नाही. म्हणजे वॉर्डातल्या मुलींना नीट नोंद लिहायला शिकवणं हे त्यांच्या बचावाचं काम आहे.

याची अवघड बाजूही आहे. घटना घडून गेल्यावर ‘सिस्टर, तेवढी एक ओळ घालून द्या’ असं कोणीतरी म्हणणारच. घालायची नाही. राहिलेली गोष्ट ‘लेट एंट्री’ म्हणून, आजची तारीख, वेळ आणि सही करून लिहायची. जिथे वरिष्ठ हे मान्य करत नाहीत ती जागा पगार चांगला असला तरी सोडावी.

एलएलबी

तीन वर्षं, सहा सेमिस्टर, आधी राज्य सीईटी. पदवी हवी, खुल्या गटाला ४५ टक्के. बीएस्सी नर्सिंग चालते, जीएनएम हा डिप्लोमा असल्याने त्यावर थेट प्रवेश नाही. आयएलएससारख्या कॉलेजात जागा मिळवणं कठीण, पण खरी अडचण त्यानंतर येते: ७० टक्के हजेरी. फिरत्या ड्युटीत ती बसत नाही. ठरलेल्या वेळेची नोकरी, म्हणजे ओपीडी किंवा वर सांगितलेलं मेडिकोलीगल डेस्क, आधी मिळवा आणि मगच अर्ज करा. सनद (वकिलीचा परवाना) घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, हेही घरी आधीच बोलून ठेवा. हॉस्पिटलच्या लीगल विभागातच राहायचं असेल तर पदवी पुरते, सनदेची घाई नको.

सनदेशिवाय शिवाजीनगर कोर्टातल्या वकिलांना फाइलमागे मदत करता येते का? येते, फक्त हद्द ओळखून. डॉक्टरच्या चुकीवर मत द्यायला डॉक्टरच लागतो. पुण्यात पोलीस त्यासाठी ससूनच्या समितीकडे जातात. तुमचं काम टाइमलाइन, गहाळ पानांची यादी आणि उलटतपासणीचे प्रश्न. मोटार अपघाताच्या दाव्यांत याहून मोठी जागा आहे. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बारा वर्षांच्या जखमी मुलीसाठी दोन परिचारकांचा मिळून महिना १०,००० रुपये खर्च धरून वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरणारा १८ चा गुणक लावला आणि २१,६०,००० रुपये दिले. डायपर, कॅथेटर, बेडसोरचं ड्रेसिंग, कूस बदलायला लागणारे हात: हा हिशेब घरच्या सेवेचा अनुभव असलेल्या नर्सइतका नेमका कोण मांडणार?

फी दर फाइलमागे ठरवा, आगाऊ घ्या, लेखी ठेवा. भरपाईतला टक्का मागू नका. बिगरवकिलासोबत फी वाटून घ्यायला वकिलाला मनाई आहे. ज्या हॉस्पिटलात नोकरी करता त्याच्याविरुद्धची फाइल हातात घेऊ नका.

बीएस्सी असाल आणि तीन वर्षं घर सांभाळून निघणार असतील, तर डेस्क आणि मग एलएलबी हा क्रम आम्हाला सगळ्यात भक्कम वाटतो. जीएनएम असाल किंवा पगार लगेच हवा असेल, तर केपीओ. नोकरी सोडण्याआधी एक रविवार काढा आणि वर दिलेल्यासारखी काल्पनिक केस रचून २४ तासांची टाइमलाइन लिहून पाहा. सरावासाठी वॉर्डातल्या खऱ्या चार्टचा फोटो मात्र काढू नका. पेशंटची गुप्तता तिथेच मोडते, आणि हे कळलं तर वरच्या तिन्ही ठिकाणी तुम्हाला कोणी उभं करणार नाही.