कंपनी खरेदीनंतरची सॉफ्टवेअर तपासणी: एका सल्लासेवेचा अनुभव

आमच्या कंपनीने चाकणमधील सुटे भाग बनवणारा एक लहान कारखाना विकत घेतला, तेव्हा तेथील संगणक प्रणाली ठेवाव्यात की बदलाव्यात, हे ठरवण्याचे काम आम्ही पुण्यातील एका सल्लासेवेकडे सोपवले. 2015 मध्ये ब्रिटनची टीएसबी बँक विकत घेणाऱ्या स्पेनच्या साबादेल बँकेने एप्रिल 2018 मध्ये टीएसबीचे 50 लाखांहून अधिक ग्राहक एकाच दमात नव्या प्रणालीवर हलवले आणि त्यांपैकी सुमारे 19 लाखांना आपली खातीच ऑनलाइन पाहता येईनात, हे उदाहरण त्यांनी पहिल्याच बैठकीत मांडले. आमच्या संचालकांच्या घाईला त्यामुळे लगाम बसला.

त्यांचे खरे कसब माणसांना बोलते करण्यात दिसले. भांडारपालाशेजारी दोन दिवस बसल्यावर त्यांच्या लक्षात आले की साठ्याचा खरा हिशेब ईआरपीत (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये) नसून एका एक्सेल फाइलीत आहे (ती फाइल केवळ त्याच्याच संगणकावर होती). पुरवठादारांचे पोर्टल पीएचपी या वेब-प्रोग्रामिंग भाषेच्या 5.6 आवृत्तीवर चालते आणि त्या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या 2018 अखेरीसच थांबल्या आहेत, हेही त्यांनीच निदर्शनास आणले.

परवान्यांच्या बाबतीत मात्र निराशा झाली. मालकी बदलल्यावर ईआरपीचा परवाना पुढे चालतो का, हा कळीचा मुद्दा अहवालात एका ओळीत उरकला होता. त्यासाठी वकिलाचे शुल्क वेगळे मोजावे लागले.