लातूरमधी सर्व्हरच्या डिस्कला कायमची नावं लावून देणारी सर्व्हिस, आमचा अनुभव

आमच्या क्लासचे रेकॉर्डेड लेक्चर ज्या सर्व्हरवर आहेत त्यात सहा डिस्क, वर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार), आणि आधीच्या सर्व्हिसवाल्यांनी एफएसटॅबमधी (कोणती डिस्क कुठं जोडायची ते लिहिलेली फाईल) सगळं एसडीबी, एसडीसी अशा नावानंच लिहून ठेवलेलं. उन्हाळ्यात आपल्याकडं लाईटचं काय असतं ते सांगायला नको, यूपीएस दमला की सर्व्हर बंद, परत चालू केला की कालची एसडीबी आज एसडीसी होऊन बसायची आन लेक्चरच्या जागी बॅकअपची डिस्क माऊंट, म्हणजे जोडली जायची. ते सर्व्हिसवाले म्हणले डिस्क गेली, नवीन घ्या! डिस्क ठणठणीत होती राव, लिनक्सला ज्या क्रमानं डिस्क सापडतात त्या क्रमानं तो अक्षरं वाटतो, दरवेळी तोच क्रम राहील असं कुठंच लिहिलेलं नाही.

मग औसा रोडकडच्या एका पोराला बोलावलं. लई बारीक काम केलं त्यानं. आधी सगळ्या डिस्कचे सिरीयल नंबर काढले, एफएसटॅबमधी यूयूआयडी (फॉरमॅट करताना डिस्कला मिळणारा वेगळा ओळख नंबर) टाकले, बॅकअपच्या डिस्कला नोफेल लावलं म्हणजे ती नसली तरी सर्व्हर बूट होताना इमर्जन्सी मोडमधी अडकत नाही. बाय-पाथवालं नाव मुद्दाम टाळलं, काहून तर ते पोर्टला चिकटलेलं असतं आन आमच्याकडं केबली इकडच्या तिकडं होतातच. झेडएफएसचा पूल (डिस्क मिळून केलेला एक साठा) एक्सपोर्ट करून, म्हणजे सोडवून, बाय-आयडीवरून (डिस्कच्या मॉडेल आन सिरीयलवरून पडलेलं नाव) परत इम्पोर्ट केला, त्यामुळं स्टेटसमधी आता मॉडेल आन सिरीयल नंबर दिसतो, आन तोच नंबर त्यानं प्रत्येक ट्रेवर चिकटवला, हे मला सगळ्यात आवडलं. डिस्क गेली तर कोणती ओढायची हे रात्री बारालासुद्धा शिपाई सांगू शकतो.

जाताना बजावून गेला, डिस्क फॉरमॅट केली की यूयूआयडी बदलतो, आन डीडीनं (हुबेहूब नक्कल करणारी कमांड) क्लोन केली तर दोन्हीचा एकच येतो, तेव्हा दोन्ही सोबत लावून ठेवू नका.

तक्रार एकच, सकाळी येतो म्हणून दिवेलागणीला आला आन काय काय बदललं ते कागदावर मागितलं तर व्हॉट्सअपवर स्क्रीनशॉट टाकून मोकळा. अर्धा स्टार त्याचा कापला, बाकी साडेचार.

एकाच डिस्कचं मशीन असंल तर उगं पैसे घालू नका, आताचं उबंटू इन्स्टॉल करतानाच एफएसटॅबमधी कायमचं नाव टाकतं.