लास्ट एग्झिट: आधी 'आयर्न पाथ' ऐकावा की पॅरिसचं लाइव्ह?

फ्री जॅझ (ठरलेल्या चालीत न अडकता वाजवलेला जॅझ) आणि हेवी रॉक एकत्र कसे वाजतात हे ऐकायचं असेल, तर लास्ट एग्झिट या बँडला पर्याय नाही. पीटर ब्रॉट्झमनचा सॅक्सोफोन, सॉनी शॅरॉकची गिटार, बिल लासवेलचा बेस आणि रोनाल्ड शॅनन जॅक्सनचे ड्रम्स. सुरुवात कुठून करायची, एवढाच प्रश्न. १९८६ साली आलेला, पॅरिसच्या मैफलीत ध्वनिमुद्रित केलेला, बँडच्याच नावाचा अल्बम 'लास्ट एग्झिट', की १९८८ चा 'आयर्न पाथ', त्यांचा एकमेव स्टुडिओ अल्बम?

जाणकार बहुधा पहिल्याकडे बोट दाखवतात, आणि त्याला कारण आहे. ही मंडळी तालमी न करता मंचावर चढायची. पॅरिसच्या रेकॉर्डवर ब्रॉट्झमन पहिल्यापासून सॅक्सोफोन फाटेल इतका दम लावतो आणि बाकीचे तिघे त्याला अडवत नाहीत, उलट चेव चढवतात. त्या गदारोळातही जॅक्सन टेक्ससचा ब्लूज सोडत नाही. मध्येच तो असा काही ठेका धरतो की पाय आपोआप हलायला लागतो. मात्र सगळे एकदम तापले की बेस आणि गिटार वेगळे काढणं नवख्या कानाला जड जातं.

'आयर्न पाथ'वर नेमकं तेच सोपं होतं. दहा तुकडे, बरेचसे तीन-चार मिनिटांचे. 'प्रेयर' हा पहिलाच तुकडा अंगावर धावून येत नाही, हळूहळू चढत जातो. शॅरॉक तारांवर स्लाइड (बोटात घालायची नळी) घासतो तेव्हा सूर कुठून निघून कुठे पोचला हे इथे स्पष्ट कळतं. लासवेलचा बेस तर छातीत जाणवतो. (झाकीर हुसेन यांच्याबरोबरच्या 'तबला बीट सायन्स' या गटामुळे लासवेल आपल्यापैकी काहींना माहीत असेल. हा तोच.) कमी पडतं ते एवढंच, की ब्रॉट्झमन पेटायला लागतो आणि तुकडा संपतो. मैफलीत तो दहा मिनिटं तरी खाली उतरला नसता.

तरीही कोणी या अल्बमला 'मवाळ' म्हटलं की मला राग येतो. हा आवाज कमी केलेला लास्ट एग्झिट नाही, चौघांनी एकमेकांना जागा देऊन वाजवलेला आहे. ब्लॅक सॅबथ किंवा मोटरहेडसारखे हेवी रॉक बँड ऐकत आला असाल तर बेधडक 'आयर्न पाथ' घ्या. ईएसपी-डिस्क या रेकॉर्ड कंपनीने तो पुन्हा काढला आहे. ब्रॉट्झमनचा १९६८ चा 'मशीन गन' हा अल्बम पचला असेल तर पॅरिसपासून सुरू करा, 'आयर्न पाथ' नंतर ऐका. आणि दोन्हींतही शॅरॉकनेच पकडून ठेवलं, तर त्याचा १९९१ चा 'आस्क द एजेस' लगेच मिळवा. त्यात त्याच्यासोबत सॅक्सोफोनवर फॅरो सँडर्स आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स आहेत.